जर्सी बेटावर स्थायिक झालेला निवृत्त फौजी अधिकारी शोधताना: हुद्द्यामागे नको, पगारामागे जा

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांतले कितीतरी अधिकारी नोकरी संपल्यावर इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवर जाऊन राहिले. त्यांत पुणे, शिरूर, अहमदनगर, दापोली इथल्या छावण्यांत उमेदीची वर्षे काढलेले बॉम्बे आर्मीचे, म्हणजे कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या फौजेचे, लोकही होते. त्यांचा माग काढणारे मराठी वाचक तीन प्रकारचे: अँग्लो-इंडियन घराण्यांतले वंशज, गावाबाहेरच्या इंग्रजी थडग्याचा मालक शोधणारे, आणि ब्रिटनमध्ये राहून हौसेने स्थानिक इतिहास करणारे. अडतात मात्र सगळे एकाच जागी. नाव सापडते, नावामागे ‘कॅप्टन’ सापडतो, मग इंटरनेटवर त्याच नावाचा आणखी एक कॅप्टन सापडतो, आणि दोघांना एक करून वंशावळ पूर्ण झाली असे मानले जाते.

आपल्या कुलवृत्तांतांत आडनाव, गोत्र आणि मूळ गाव जुळले की बरेचसे भागते. इथे तसे होत नाही. हुद्दा सौजन्याने लावला जाई, कधी तो उसना असे, कधी दुसऱ्याच फौजेतला. या माणसांना दर तिमाहीला कोणीतरी पैसे देत होते, आणि देणाऱ्याने त्याचा हिशेब ठेवला आहे. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर ‘याचा खर्च कोण चालवत होते’ हा प्रश्न समोर ठेवा. दिशाही उलटी ठेवा, म्हणजे मृत्यूपासून जन्माकडे. जन्मापासून सुरुवात केली तर एकाच नावाचे चार-पाच जण हाती लागतात आणि त्यातला आपला कोणता हे ठरवायला काहीच नसते.

## तयारी: संगणक उघडण्याआधी

जर्सी हा इंग्लंडचा जिल्हा नाही. तिथला कायदा नॉर्मन वळणाचा, न्यायालय स्वतंत्र, जन्ममृत्यूची नोंदणी स्वतंत्र. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयाची सूची जुलै १८३७ पासून सुरू होते, पण जर्सीत झालेले मृत्यू तिच्यात नाहीत. बेटाची स्वतःची नागरी नोंदणी १८४२ मध्ये सुरू झाली, तीही बारा पॅरिशांच्या, म्हणजे चर्चभोवती आखलेल्या स्थानिक विभागांच्या, वेगवेगळ्या वह्यांत. इंग्लंडच्या सूचीत नाव नाही म्हणून ‘हा भारतातच मेला असावा’ असा निष्कर्ष काढलेली प्रकरणे बरीच पाहिली आहेत. तो निष्कर्ष काढण्याआधी बेट तपासायचे राहून गेलेले असते.

एका कागदावर पुढच्या गोष्टी आधी लिहून काढा:

१. पूर्ण नाव, मधल्या नावांसह. मधले नाव बहुधा आईच्या किंवा आजीच्या माहेरचे आडनाव असते, आणि एकाच नावाच्या दोन कॅप्टनांना वेगळे करायला तेच कामी येते.

२. त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे ते कुठून कळले. ‘घरात सांगतात’ हेही लिहा, पण तसेच लिहा.

३. बायकोचे माहेरचे आडनाव. जर्सीच्या कायदेशीर कागदांत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावासह येते. इंग्लंडच्या कागदांत ते आडनाव बहुतेकदा गायब असते, म्हणून बेटावरचा कागद मिळाला की ते लगेच टिपून घ्या.

४. मुलांची नावे आणि त्यांची जन्मस्थळे. याचे महत्त्व टप्पा १ मध्ये कळेल.

जर्सीच्या बारा पॅरिशांची यादी जवळ ठेवा: सेंट हेलियर, सेंट सेव्हियर, सेंट क्लेमंट, ग्रूव्हिल, सेंट मार्टिन, ट्रिनिटी, सेंट जॉन, सेंट मेरी, सेंट ऊआँ, सेंट पीटर, सेंट ब्रेलाड, सेंट लॉरेन्स. बाहेरून आलेले अधिकारी मुख्यतः सेंट हेलियर शहरात आणि त्याला लागून असलेल्या सेंट सेव्हियरमध्ये दिसतात. शोध तिथूनच सुरू करा.

## टप्पा १: जनगणनेत घर सापडवा

बेटांची जनगणना ब्रिटनबरोबरच होत असे, १८४१ पासून दर दहा वर्षांनी. व्यापारी संकेतस्थळांवर ती ‘चॅनेल आयलंड्स’ या नावाखाली मिळते. इंग्लंडवर फिल्टर लावून शोधलेत तर काहीच दिसणार नाही.

१८४१ ची गणना कामाची असली तरी दगा देणारी आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि घरातल्या माणसांची नाती दिलेली नाहीत. म्हणून १८५१ ची गणना मुख्य धरा. तिच्यात नाते आहे, वय आहे, जन्मस्थळ आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘हाफ-पे कॅप्टन’, ‘निवृत्त मेजर’, ‘एचईआयसीएस’ अशा नोंदी दिसतात. पहिला म्हणजे काम नसताना अर्ध्या पगारावर असलेला, शेवटचे म्हणजे ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनी सर्व्हिस. अक्षरे उतरवून घेणाऱ्याने ती भलतीच वाचलेली असतात, म्हणून उतारा पाहून थांबू नका, मूळ पानाचे चित्र उघडा.

मराठी वाचकाचे पारडे इथे थोडे जड आहे. मुलांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात ‘टॅना’, ‘सीरूर’, ‘मालीगॉम’, ‘अहमदनगर’चे चमत्कारिक स्पेलिंग किंवा ‘डापूली’ असे काही दिसले, की इंग्लंडमधला संशोधक अडखळतो. तुम्हाला ठाणे, शिरूर, मालेगाव, दापोली लगेच ओळखू येतात. ही सगळी बॉम्बे आर्मीची ठाणी. नुसते ‘ईस्ट इंडीज’ लिहिले असेल तर मात्र कंपनीचे तीनही इलाखे, म्हणजे बंगाल, मद्रास आणि बॉम्बे, मोकळे राहतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १८५१, सेंट हेलियर. घरमालक ५६ वर्षांचा, निवृत्त मेजर, कंपनी सर्व्हिस. थोरली मुलगी २४ वर्षांची, जन्म सीरूर. धाकटा मुलगा १५ वर्षांचा, जन्म जर्सी. यावरून पुढचे अंदाज बांधता येतात: मेजरचा जन्म १७९५ च्या सुमारास. कॅडेट म्हणून निघताना वय सोळा धरले तर तो १८११ च्या आसपास भारतात आला. १८२७ च्या सुमारास नोकरीत होता. १८३६ च्या सुमारास कुटुंब जर्सीत होते. कंपनीच्या नियमाप्रमाणे भारतात २२ वर्षे सेवा भरली की हुद्द्याच्या पगारावर निवृत्त होता येई, म्हणजे १८३३ नंतरची निवृत्ती हिशेबात बसते. कंपनीच्या छापील वार्षिक याद्या कोणत्या वर्षांच्या उघडायच्या हे एवढ्यावरून ठरले.

सावधान: बेटावर मूल जन्मले म्हणजे बाप निवृत्त झाला असे नाही. कंपनीचे अधिकारी दीर्घ रजेवर, म्हणजे फर्लोवर, मायदेशी येत आणि स्वस्ताईमुळे बेटावर घर भाड्याने घेत. वरच्या घरात पंधरा वर्षांच्या मुलानंतर पुण्यात जन्मलेली बारा वर्षांची मुलगी निघाली, तर १८३६ चा मुक्काम रजेचा होता आणि निवृत्ती आणखी पुढची. सगळ्या मुलांची जन्मस्थळे वयाच्या क्रमाने लिहिल्याशिवाय निवृत्तीचे वर्ष ठरवू नका.

## टप्पा २: मृत्यू पक्का करा

१८४२ नंतरचा मृत्यू असेल तर जर्सीच्या सुपरिंटेंडंट रजिस्ट्रारकडची नोंद मागवा. त्यासाठी पॅरिश आणि अंदाजे वर्ष लागते, आणि दोन्ही टप्पा १ मधून मिळतात. एका गणनेत आहे आणि पुढच्या गणनेत बायको विधवा आहे, एवढे समजले तरी दहा वर्षांची चौकट हाती येते.

चर्चच्या दफनवह्या जर्सी अर्काइव्हमध्ये आहेत आणि अँसेस्ट्री या संकेतस्थळावरही चढवल्या आहेत. ग्रामीण पॅरिशांच्या वह्या फ्रेंचमध्ये दिसल्या तर घाबरू नका, महिन्यांची नावे आणि आठ-दहा शब्द ओळखता आले की पुरते. शहरातल्या इंग्रज वस्तीला पॅरिश चर्चशिवाय सेंट जेम्स, सेंट पॉल, सेंट मार्क, ऑल सेंट्स अशी प्रार्थनाघरे होती आणि सेंट जेम्स तर छावणीचेच चर्च. मुख्य पॅरिशच्या वहीत नाव नाही म्हणून फाइल बंद करू नका.

मग वर्तमानपत्रे. गर्न्सीचे ‘द स्टार’ आणि जर्सीची काही इंग्रजी पत्रे ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हवर आहेत. भारताशी संबंध असलेल्यांच्या मृत्युवार्ता ‘एशियाटिक जर्नल’ आणि त्यानंतर ‘अ‍ॅलन्स इंडियन मेल’ मध्येही येत. पहिले १८१६ ते १८४५, दुसरे १८४३ पासून, म्हणून १८४३ ते १८४५ या काळासाठी दोन्ही पाहा. बेटावरच्या पत्रात दोन ओळी येतात: कुठल्या घरात वारला, कितव्या वर्षी. कधी त्याच ओळीत रेजिमेंटही असते. ती ओळ सापडली तर पुढचे निम्मे काम झाले.

पडताळा: मृत्यूच्या नोंदीतले वय आणि गणनेतले वय यांत दोन वर्षांपर्यंत फरक चालेल. आठ-दहा वर्षांचा फरक असेल तर तो बहुधा दुसरा माणूस किंवा त्याच नावाचा मुलगा.

## टप्पा ३: हा ‘कॅप्टन’ कोणाचा?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका. जर्सीत ‘कॅप्टन’ म्हणवून घेणारा माणूस यांपैकी कोणीही असू शकतो:

१. ब्रिटिश राजाच्या फौजेतला, हाफ-पेवर असलेला. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, कायम, काम नाही, गरज पडली तर परत बोलावणे येऊ शकते, अर्धा पगार चालू.

२. राजाच्याच फौजेतला, पण कमिशन विकून बाहेर पडलेला. कमिशन विकत घेण्या-विकण्याची पद्धत १ नोव्हेंबर १८७१ ला बंद झाली. त्याआधी विकून निघालेल्याला ना हाफ-पे, ना निवृत्तिवेतन. आर्मी लिस्टमधून, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीतून, त्याचे नाव त्या वर्षीच गळते. शेजारीपाजारी मात्र त्याला मरेपर्यंत कॅप्टनच म्हणतात.

३. कंपनीच्या फौजेतला: बंगाल, मद्रास किंवा बॉम्बे.

४. रॉयल नेव्हीचा किंवा मरीन्सचा. नौदलातला पोस्ट-कॅप्टन साधारण पायदळातल्या कर्नलच्या बरोबरीचा, तेव्हा आर्मी लिस्टमध्ये त्याला शोधणे व्यर्थ.

५. जर्सीच्या मिलिशियाचा, म्हणजे बेटावरच्या नागरिकांच्या दलाचा. १८३१ मध्ये या दलाला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. बेटावरच्या पुरुषांना त्यात सेवा सक्तीची होती आणि अधिकारी स्थानिक घराण्यांतले असत. असा कॅप्टन आयुष्यात बेटाबाहेर गेलाही नसेल.

६. परदेशी चाकरीतला. १८३५ ते १८३७ मध्ये स्पेनला गेलेल्या ब्रिटिश ऑक्झिलियरी लीजनमधले हुद्दे ब्रिटिश फौजेत मोजले जात नसत.

ठरवायचे कसे? फ्रेंच वळणाचे जुने जर्सी आडनाव आणि जर्सीतच जन्म असेल तर आधी मिलिशिया तपासा. तिथल्या अधिकाऱ्यांच्या याद्या बेटावर छापल्या जाणाऱ्या वार्षिक अल्मनाकांत, म्हणजे पंचांगवजा माहितीपुस्तकांत, मिळतात. त्याच अल्मनाकांत रहिवाशांचे पत्तेही असतात, म्हणून दुहेरी उपयोग. इंग्लंड, आयर्लंड किंवा स्कॉटलंडमध्ये जन्म आणि मुले वेगवेगळ्या छावणीगावांत जन्मलेली असतील तर राजाची फौज. मुलांत भारत दिसत असेल तर आधी कंपनी, पण तिथेच थांबू नका. राजाच्या पलटणीही भारतात येत, पुण्यात-खडकीत राहत.

सावधान: कंपनीच्या अधिकाऱ्याला निवृत्त होताना बऱ्याचदा एक पायरी वरचा मानद हुद्दा मिळे. थडग्यावर ‘मेजर-जनरल’ आणि नोकरीच्या यादीत ‘कर्नल’ असले म्हणून ती दोन माणसे ठरत नाहीत. ब्रेव्हे, म्हणजे नावापुरत्या वरच्या, हुद्द्याचेही तसेच: फौजेत मेजर, रेजिमेंटमध्ये कॅप्टन.

## टप्पा ४-अ: राजाच्या फौजेतला असेल तर

आधी छापील आर्मी लिस्ट. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने त्या मोफत वाचायला ठेवल्या आहेत. १८३९ पासून हार्टची आर्मी लिस्ट निघू लागली, तिच्यात तळटिपांत लढायांचा तपशील असतो आणि हाफ-पेवरचे अधिकारीही असतात. आपला माणूस शेवटचा कोणत्या वर्षी दिसतो आणि कोणत्या मथळ्याखाली, हे दोन्ही टिपा. एकदम गायब झाला तर त्या वर्षाच्या लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात त्याच्या जागी कोण आला ते पाहा. ‘विकत घेऊन, अमुक निवृत्त होत असल्याने’ असे असेल तर तो टप्पा ३ मधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, आणि हाफ-पेच्या वह्या उघडण्यात अर्थ नाही.

हाफ-पे मिळत असेल तर लंडनमधल्या क्यू येथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली पीएमजी ४ ही मालिका पाहा. ही हिशेबाची लेजरे आहेत. १८४१ पर्यंतची रेजिमेंटप्रमाणे लावलेली, नंतरची नावाच्या वर्णक्रमाने. मृत्यूची नोंद आणि कधीकधी पत्ताही मिळतो. पत्ता जर्सीचा निघाला की आपला माणूस पक्का.

डब्ल्यूओ २५ मालिकेतली १८२८ ची विवरणपत्रे निवृत्त आणि हाफ-पे अधिकाऱ्यांनी स्वतः भरलेली आहेत. कमिशन मिळताना वय किती होते, लग्न कधी झाले, मुले कधी झाली, हे सगळे त्यात आहे. १८२८ मध्ये हयात आणि निवृत्त असलेल्या माणसासाठी याहून चांगला एकच कागद मिळणे कठीण. १८४७ मध्ये निवृत्तांकडून अशीच माहिती पुन्हा मागवली होती. कमिशनसाठी केलेले अर्ज डब्ल्यूओ ३१ मध्ये आहेत, १७९३ ते १८७० चे, आणि त्यांत बापाचे नाव, शिफारस करणाऱ्याचे पत्र असे काही मिळून जाते. ते महिन्याप्रमाणे लावलेले असल्याने कमिशनची तारीख आधी हवी.

## टप्पा ४-आ: बॉम्बे आर्मीचा असेल तर

कंपनीचे कागद क्यूला नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. क्यूच्या कॅटलॉगमध्ये काही मिळाले नाही तर तो नव्हताच असे समजू नका.

क्रम असा ठेवा. प्रथम ‘ईस्ट-इंडिया रजिस्टर’ ही छापील वार्षिक यादी, जी पुढे नावे बदलत शतकाच्या शेवटापर्यंत चालली. तिच्या जुन्या वर्षांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर मिळतात. बॉम्बेचा भाग उघडा, रेजिमेंट शोधा, वर्षामागून वर्ष पाहत जा: हजर, फर्लोवर, निवृत्त. डॉडवेल आणि माइल्स यांची १८३८ मध्ये निघालेली भारतीय फौजेतल्या अधिकाऱ्यांची वर्णानुक्रम यादी याच जोडीला ठेवा, कारण बंगाल अधिकाऱ्यांवर हॉडसनने केलेल्या चार खंडांसारखे बॉम्बेसाठी काही नाही.

नंतर कॅडेटचे कागद, एल/एमआयएल/९ मालिकेत. कॅडेट म्हणून घेताना बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, म्हणून आई-बाप आणि जन्मगाव एकाच ठिकाणी मिळतात. तोफखाना किंवा इंजिनिअर्सचा असेल तर तो बहुधा १८०९ ते १८६१ चालू असलेल्या अ‍ॅडिसकूम्बच्या लष्करी संस्थेतून आलेला. बॉम्बेच्या सेवेची पुस्तके एल/एमआयएल/१२ मध्ये. लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफने बॉम्बेच्या चर्चकडून पाठवलेल्या नकलांत, म्हणजे एन/३ मध्ये, आणि त्या फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर चित्रांसह आहेत. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांवर काम करणाऱ्या फिबिस या संस्थेची विनामूल्य सूची आधी चाळा, पैसे भरायची गरज आहे का हे तिथेच कळते.

सावधान: १८२४ मध्ये कंपनीच्या पायदळाचे क्रमांक बदलले. त्याआधी एका रेजिमेंटच्या दोन बटालियन असत, नंतर प्रत्येक बटालियन स्वतंत्र रेजिमेंट झाली. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली कोरेगाव भीमाला लढलेली पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन पुढे दुसरी रेजिमेंट, ग्रेनेडियर्स, म्हणून दिसते. १८२० च्या कागदात ‘पहिली’ आणि १८३० च्या कागदात ‘दुसरी’ दिसली म्हणून बदली झाली असे लिहू नका. १८६१ नंतर हाच घोळ स्टाफ कोअरमुळे, म्हणजे अधिकाऱ्यांच्या सामायिक दलामुळे, होतो: अधिकारी ‘बॉम्बे स्टाफ कोअर’चा दिसतो, पण काम पूर्वीच्याच पलटणीत चालू असते.

### पदकाची यादी: लहान पण जोरदार पुरावा

आर्मी ऑफ इंडिया पदक १८५१ मध्ये मंजूर झाले, तेही १७९९ ते १८२६ च्या जुन्या मोहिमांसाठी. ज्यांनी हयात असताना मागणी केली त्यांनाच ते मिळाले. म्हणजे मागणीच्या यादीत नाव असलेला माणूस १८५१ मध्ये जिवंत होता हे आपोआप सिद्ध होते. पदकाच्या पट्ट्यांवर असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव ही नावे इंग्रजी वळणाने आहेत. आपल्या कल्पित मेजरला, १८११ मध्ये आलेला असल्याने, १८१७-१८ च्या पट्ट्या लागू होऊ शकतात, १८०३ च्या नाहीत. यादीत त्याच नावापुढे असई दिसली तर तो थोरला भाऊ, काका किंवा परकाच.

नेपोलियनच्या युद्धांतल्या अधिकाऱ्यांसाठी हेच काम १८४७ मध्ये मंजूर झालेले मिलिटरी जनरल सर्व्हिस पदक करते, त्याच्या याद्या क्यूला डब्ल्यूओ १०० मध्ये.

## टप्पा ५: बेटावरचा संसार

मुलगे कुठे शिकले ते पाहा. जर्सीचे व्हिक्टोरिया कॉलेज १८५२ मध्ये उघडले, गर्न्सीचे एलिझाबेथ कॉलेज १८२४ मध्ये नव्याने उभे राहिले, आणि दोन्हींच्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या छापल्या गेल्या आहेत. प्रवेशाचे वर्ष, बापाचे नाव, मुलगा पुढे कोणत्या फौजेत गेला, हे त्यांत मिळते. अधिकाऱ्यांची पोरे बहुतेक फौजेतच जात, त्यामुळे बापाचा धागा तुटला तर मुलाच्या अर्जातून तो परत हाती येतो. माझ्या मते या नोंदवह्या लोक फार उशिरा उघडतात. टप्पा ३ वर अडलात तर सरळ इथे या.

घर विकत घेतले असेल तर पब्लिक रजिस्ट्रीत करार असणार. ही नोंदणी १६०२ पासून सलग आहे आणि करार २००६ पर्यंत फ्रेंचमध्ये होत. खरेदीखतात बायकोचे माहेरचे नाव येते. पण बाहेरून आलेले बहुतेक अधिकारी भाड्याने राहत. रजिस्ट्रीत नाव नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा ६: मृत्युपत्र, चार ठिकाणी

एकाच माणसाची मालमत्ता विखुरलेली असल्याने एक ठिकाण पाहून थांबता येत नाही.

जर्सीतली जंगम मालमत्ता: १९४९ पर्यंत डीनच्या चर्च न्यायालयाकडे. मृत्युपत्रे जर्सी अर्काइव्हमध्ये, सूची ऑनलाइन. जर्सीतली स्थावर मालमत्ता: १८५१ पूर्वी तिच्यासाठी मृत्युपत्र करताच येत नसे, वारसाहक्काच्या कायद्याने ती वाटली जाई. म्हणून १८४० च्या दशकातल्या मृत्युपत्रात घराचा उल्लेख नसेल तर घर नव्हते असे समजू नका.

इंग्लंडमध्ये रोखे किंवा बँकेत पैसे असतील तर १८५८ पर्यंत कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, क्यूच्या पीआरओबी ११ मध्ये, आणि जानेवारी १८५८ पासून राष्ट्रीय प्रोबेट सूचीत, म्हणजे मंजूर मृत्युपत्रांच्या यादीत. तिथे ‘जर्सी बेटावरील सेंट हेलियरचा’ असा उल्लेख सापडतो. भारतात काही शिल्लक असेल तर एल/एजी/३४/२९ मध्ये मुंबईची मृत्युपत्रे पाहा. मृत्युपत्रात भारतीय स्त्रीच्या किंवा तिच्या मुलांच्या नावे ठेवलेली रक्कम दिसली, तर ती ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. अँग्लो-इंडियन शाखेचा एवढा एकच दुवा कागदावर उरलेला असू शकतो, आणि वंशावळी नीटनेटक्या करणाऱ्यांनी तो वगळलेला असतो.

## टप्पा ७: विधवा आणि मुली

नवरा गेल्यावर पैसे थांबत नाहीत, देणारा बदलतो. राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्याच्या विधवेला पेन्शन हवे असेल तर लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला द्यावा लागे. असे दाखले डब्ल्यूओ ४२ मध्ये साठले आहेत. कंपनीच्या बाजूला लॉर्ड क्लाइव्ह फंड आणि बॉम्बे मिलिटरी फंड होते. दोन्हींचे हिशेब ब्रिटिश लायब्ररीत एल/एजी/२३ मध्ये.

१८६१, १८७१, १८८१ च्या गणनांत विधवेच्या नावापुढे पेन्शनचा उल्लेख असला तर तो शब्द न शब्द उतरवा. ‘अधिकाऱ्याची विधवा’ आणि ‘इंडिया फंडावर’ यांत टप्पा ३ चा निकाल लागतो. अविवाहित मुली बऱ्याचदा त्याच घरात वृद्ध होतात, त्यांच्या मृत्युपत्रांत भावंडांची आणि भाच्यांची सगळी नावे मिळतात.

## टप्पा ८: महाराष्ट्रातला शेवट

बेटावरचे चित्र पक्के झाल्यावरच इकडे वळा. मुंबईत काळाघोड्याजवळच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या जुन्या खात्यांचे दप्तर आहे. तिथे जाण्याआधी वर्ष, रेजिमेंट आणि छावणी हाताशी हवी, नुसत्या नावावर काही निघत नाही. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल, कुलाब्याचे अफगाण चर्च आणि पुण्याचे सेंट मेरीज चर्च इथले शिलालेख पाहा. बालपणीच वारलेल्या मुलांची थडगी छावणीगावांतल्या जुन्या दफनभूमीत असू शकतात. ती मुले जर्सीच्या कुठल्याच गणनेत येत नाहीत, त्यामुळे वंशावळीतून सहज निसटतात. थडग्याचे छायाचित्र घेताना अक्षरांवर खडू किंवा पीठ फासू नका. तिरपा उजेड पडतो तेव्हा, सकाळी लवकर जा.

## जोडण्यापूर्वीची कसोटी

बेटावरचा माणूस आणि नोकरीच्या यादीतला माणूस एकच, असे लिहिण्याआधी किमान दोन स्वतंत्र दुवे हवेत, आणि नाव व हुद्दा त्यात धरायचे नाहीत. चालतील असे दुवे: लेजरातला जर्सीचा पत्ता, दोन्हीकडे जुळणारी मृत्यूची तारीख, बायकोचे माहेरचे आडनाव, मुलाचे जन्मगाव आणि त्या वर्षी रेजिमेंट तिथेच असल्याची नोंद. दुवा एकच असेल तर झाडात तुटक रेघ काढा आणि बाजूला कारण लिहा.

## बेट दुसरे निघाले तर

गर्न्सीत नागरी नोंदणी १८४० पासून, कागद तिथल्या ग्रेफमध्ये, म्हणजे न्यायालयाच्या नोंदणी कार्यालयात. आइल ऑफ मॅनवर जन्म-मृत्यूची सक्तीची नोंदणी १८७८ मध्ये आली, तोवर चर्चच्या वह्यांवरच भिस्त. तिथली मृत्युपत्रे १८८४ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत. कागद डग्लसला मँक्स नॅशनल हेरिटेजच्या ग्रंथालयात, आणि शाळा म्हणून १८३३ मध्ये उघडलेले किंग विल्यम्स कॉलेज. टप्प्यांचा क्रम तोच.

## अर्काइव्हला पत्र लिहिताना

एका पत्रात एकच माणूस आणि एकच प्रश्न. ‘आमच्या पूर्वजांची सगळी माहिती द्या’ याला उत्तर येते ते शुल्कपत्रक. त्याऐवजी पूर्ण नाव, बायकोचे माहेरचे आडनाव, पॅरिश, गणनेचे वर्ष, मृत्यूची दहा वर्षांची चौकट आणि तुम्ही आधीच पाहिलेल्या मालिकांचे क्रमांक द्या, मग विचारा: या चौकटीत या नावाचे मृत्युपत्र आहे का? नाही म्हणून उत्तर आले तर तेही तारखेसह वहीत लिहून ठेवा. घरातला पुढचा माणूस तोच शोध पुन्हा पैसे भरून करणार नाही.